कुंपणाची छाटणी

मराठी भाषेने कुंपणास फारसा न्याय दिलेला नाही. त्याच्या वाट्यास ठळक अशा दोनच म्हणी आल्या आणि दोन्हींत त्याची अप्रतिष्ठाच आहे. एकीत कुंपण शेत खाते. दुसरीत सरड्याची धाव त्याच्यापाशी संपते. म्हणजे पहिलीत ते विश्वासघातकी ठरते आणि दुसरीत क्षुद्रतेची सीमा. ज्याने उन्हापावसात उभे राहून गुरे अडवावीत, धूळ अंगावर घ्यावी आणि पाखरांस आसरा द्यावा, त्याच्या नावे भाषेत एकही गोड शब्द नसावा, याचे आम्हांस पूर्वी नवल वाटे. पुढे गोराईस आम्ही आमच्या कुंपणाची जी दशा केली आणि कुंपणाने आमची जी शोभा केली, तिच्यामुळे हे नवल ओसरले. म्हणी खऱ्या आहेत. मात्र त्यांतला दोष कुंपणाचा नसून कुंपण घालून विसरणाऱ्याचा आहे, अशी आमची आता खात्री झाली आहे. ती कशी झाली हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

मुंबईच्या उपनगरांत जन्म काढूनही गोराई न पाहिलेले वाचक पुष्कळ असतील. बोरिवलीच्या पश्चिमेस खाडी आहे आणि खाडीपलीकडे गोराई. लाँचने गेल्यास काही मिनिटांचा प्रवास. जमिनीवरून जायचे म्हटल्यास भाईंदर, उत्तन असा लांबचा वळसा. १९८९ साली सुरू झालेली आणि २०२२ साली बंद पडलेली तेथील करमणुकीची नगरी, अथवा २००९ साली लोकार्पण झालेल्या विपश्यना पॅगोड्याचा सोनेरी घुमट, एवढ्यावरूनच बहुतेकांस हे नाव ठाऊक असते. परंतु गावात शिरले म्हणजे विहिरी, भाजीचे वाफे, ताडमाड, आणि दारासमोर क्रूस असलेली कौलारू घरे असे निराळेच जग लागते. येथील जुनी वस्ती ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची. व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, १८८७ साली, या समाजाने हे इंग्रजी नाव धारण केले. घरची बोली मात्र मराठीच राहिली. त्यामुळे आमच्यासारख्या घाटावरून आलेल्या कुटुंबास तेथे परके वाटण्याचे कारण पडले नाही.

आमच्या तीर्थरूपांनी १९७८ साली येथे वाडीचा एक लहानसा तुकडा घेऊन त्यावर दोन खोल्या बांधल्या. ते शाळामास्तर होते. घर बांधून झाल्यावर भिंतीपुरता पैसा उरला नाही, म्हणून त्यांनी कुंपण लावले. रस्त्याच्या बाजूस शेर. कारण त्याच्या चिकाच्या भयाने गुरे त्यास तोंड लावीत नाहीत. मागील बाजूस अडुळसा. कारण त्यांस खोकला होता. आणि शेजारच्या घराच्या बाजूस साठेक फूट लांबीची कोयनेलची रांग. कोयनेल ही मूळची खाडीकाठचीच वनस्पती. खाऱ्या वाऱ्यास ती भीत नाही, कांडी खोचली तरी जगते आणि कात्री लावावी तितकी दाट होते. मधूनमधून मेंदीची झाडे होती. ती आमच्या मातोश्रींच्या आग्रहामुळे.

या कुंपणाची छाटणी वर्षातून दोनदा होई: एकदा वैशाखात, पाऊस लागण्यापूर्वी, आणि एकदा दसरा उलटल्यावर. तीर्थरूप या बाजूने लांब दांड्यांची कात्री चालवीत. शेजारचे काका त्या बाजूने कोयता चालवीत. काका पावसाळ्यात भात आणि एरवी भाजी पिकवीत असत. त्यामुळे हत्यार धरण्याची त्यांची ऐट आमच्या वडिलांस कधीच साधली नाही. काम वास्तविक एका सकाळचे. परंतु त्यास नेहमी दोन सकाळी लागत. कारण प्रत्येक चार फुटांवर कात्री थांबे, कोयता थांबे, आणि पावसाचा अंदाज, मासळीचे भाव, मुलींची लग्ने आणि नगरपालिकेचा कारभार या विषयांचा निकाल लावला जाई. कुंपणाच्या मध्यावर एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट मुद्दाम राखलेली होती. तिच्यात पाय ठेवण्यास दोन सपाट दगड बसविले होते. नाताळात त्या फटीतून इकडे ताट येई. दिवाळीत तिकडे फराळ जाई. कुंपण राखणे म्हणजे ती फटही राखणे, असे त्या दोघांनी कधी बोलून ठरविले नव्हते. पण छाटणीच्या वेळी पहिली कात्री तेथेच लागे.

२०१० साली तीर्थरूप वारले. मातोश्री आमच्याकडे बोरिवलीस सदनिकेत राहावयास आल्या आणि पुढे त्याही गेल्या. गोराईचे घर उरले ते सुट्टीपुरते. प्रथम महिन्यातून एकदा, नंतर दोन-तीन महिन्यांतून एकदा आम्ही तेथे जाऊ लागलो. कात्री खुंटीवर गंजत होती. एका दसऱ्यास परीक्षेच्या उत्तरपत्रिका आड आल्या, एका वैशाखात कोणाचे लग्न आड आले. त्यानंतर आड येण्यासारखे काहीच नव्हते. पण सवय गेली होती.

टाकलेले घर ओसाड दिसते, टाकलेले शेत उघडे पडते. पण टाकलेले कुंपण हिरवेगार दिसते, हीच त्यातली मेख आहे. आमचे कुंपण आठ फूट झाले, दहा फूट झाले. भेटीस येणारे स्नेही म्हणत, ‘काय दाट झाडी ही! मुंबईत असा एकांत कोणास मिळतो?’ आम्हांस ते ऐकून आनंद होई. पुढे पुढे तर हा एकांत आम्ही बुद्धिपुरस्सर निर्माण केला आहे, असे आम्हीही सांगू लागलो. आळसास रसिकतेचे नाव देण्याची कला सुशिक्षितांस चांगली अवगत असते. त्या पानांच्या आडोशास खुर्ची टाकून आम्ही दिवसच्या दिवस वाचीत बसत असू. मधली फट केव्हा मिटली हे आम्हांस सांगता येणार नाही. कारण ती मिटत असताना आम्ही तिच्याकडे पाहत नव्हतो.

अखेर शेंडे विजेच्या तारांस लागू लागले आणि २०२३ सालच्या मे महिन्यात छाटणी करणे भाग पडले. बोरिवलीहून एका तरुण माळ्यास बोलाविले. तो पेट्रोलवर चालणारे कातरयंत्र घेऊन आला. यंत्राचे पाते हातभर लांब. नीट पाहिले तर ती एकावर एक बसविलेली दोन दातेरी पाती असतात. इंजिन त्यांस एकमेकांवरून वेगाने पुढेमागे सरकविते आणि दोन दातांत सापडलेली काडी कात्रीत सापडल्याप्रमाणे तुटते. म्हणजे तत्त्व तीर्थरूपांच्या कात्रीचेच. फक्त एका कात्रीच्या जागी वीस-पंचवीस कात्र्या आणि मनगटाच्या जागी पेट्रोल. माळ्याने डोळ्यांस चष्मा आणि कानांस टोप्या लावल्या व दोरी ओढली. त्यासरशी जो आवाज उठला त्यात बोलणे शक्य नव्हते आणि विचार करणेही कठीण होते.

सुरू करण्यापूर्वी त्याने आम्हांस एक सल्ला दिला होता. तो म्हणाला, ‘सर, यंदा एकच बाजू आतपर्यंत घेऊ, दुसरी पुढल्या वर्षी. आणि वरती अरुंद, खाली रुंद असा उतार ठेवू, म्हणजे खालच्या पानांस ऊन लागेल.’ पुढे त्याने याचे कारणही सांगितले. जुने कुंपण बाहेरून जरी भरगच्च दिसले तरी आतून पोकळ असते. शेंड्याकडची वाढ सारे ऊन स्वतः घेते. आतली आणि खालची पाने अंधारात झडतात. उरतो तो वाळक्या काड्यांचा सांगाडा आणि त्यावर वीतभर हिरवी साल. ही साल दोन्ही बाजूंनी एकदम सोलली तर झाडाजवळ पानच राहत नाही आणि जेमतेम पावसावर ते पुन्हा उभे राहील किंवा राहणार नाही. म्हणून एक बाजू जगती ठेवून दुसरी कापावयाची.

विषय ज्यास कळतो त्याचे ऐकावे, हे आम्ही विद्यार्थ्यांस तीस वर्षे सांगत आलो आहोत. स्वतःवर पाळी आली तेव्हा मात्र आम्ही म्हणालो, ‘पुन्हा पुन्हा कोण येणार? एकदाच काय ते खोल कापून टाका, म्हणजे पाच वर्षे बघावयास नको.’ तो हसला आणि कामास लागला. सपाट्यास हिरवा थर खाली येऊ लागला. पहिल्या अर्ध्या तासात जेवढे झाले तेवढ्यास पूर्वी दोन सकाळी लागल्या असत्या. यंत्राच्या या पराक्रमाने आम्हांस एक प्रकारची धुंदी चढली. ‘आणखी आत’, ‘आणखी खाली’ असे आम्ही हाताने खुणावीत होतो. बोटाएवढ्या काड्यांपर्यंत यंत्राने हू की चू केले नाही. मनगटाएवढी खोडे लागली तेव्हा मात्र दाते अडकले आणि करवत घ्यावी लागली. आवाज थांबल्यावर खालच्या ढिगात बुलबुलाचे एक घरटे सापडले. सुदैवाने ते रिकामे होते. तीर्थरूपांच्या हातून असे घरटे कधी पडले नव्हते. कारण प्रत्येक फांदी कात्रीत येण्यापूर्वी डोळ्यांपुढे येत असे. एक सरडा तेवढा उघड्या खोडावर मान वर करून बसला होता. त्याची धाव जेथपर्यंत होती ते कुंपण नाहीसे झाल्यामुळे आता काय करावे, या विवंचनेत तो दिसला.

मग आम्ही मान वर केली आणि खोडांच्या सांगाड्यातून पलीकडे पाहिले. वीस फुटांवर, पडवीत, वेताच्या खुर्चीत काका बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता. आपण होऊन ठेवलेला नव्हता, कोणीतरी ठेवला होता. मावशी हातात वाटी घेऊन यंत्राचा आवाज थांबण्याची वाट पाहत उभ्या होत्या. आदल्या पावसाळ्यात काकांस पक्षाघाताचा झटका आला होता. त्यास दहा महिने झाले होते. त्या दहा महिन्यांत आम्ही पाच-सहा वेळा तरी गोराईस आलो होतो आणि त्यांच्यापासून वीस फुटांवर बसून एकांताचा आस्वाद घेत होतो.

काकांनीच प्रथम तोंड उघडले. शब्द जड झाले होते, पण विनोद गेला नव्हता. ‘काय मास्तर, भिंत पाडली वाटते?’ मास्तर हे नाव वास्तविक आमच्या वडिलांचे; त्यांच्यामागे ते वारसाहक्काने आमच्याकडे आले, एवढेच. आम्हांस काही उत्तर सुचले नाही. आम्ही मावशींस विचारले, ‘आम्हांस कळविले का नाही? नुसती हाक मारली असती तरी पुरे होते.’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही आलात ते दाराच्या आवाजावरून कळायचे. पण वाटायचे, कामात असाल.’ थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, ‘बरे झाले कापलेत ते. यांना दिवसभर पानांशिवाय काही दिसत नव्हते.’

नंतर खोडांतून वाट काढून आम्ही त्या बाजूस गेलो, तेव्हा आणखी एक गोष्ट नजरेस आली. आमचे कुंपण त्यांच्या अंगणावर तीन फूट झुकले होते. त्याच्या कडेने मावशींचा भाजीचा वाफा असे. सावलीमुळे त्यात दोन वर्षे काही आले नव्हते. काकांच्या हाती कोयता धरवत नव्हता, मुले नोकरीनिमित्त दूर, आणि दुसऱ्याचे झाड न विचारता तोडणे मावशींच्या स्वभावात नाही. कुंपण शेत खाते ही म्हण आम्ही पुष्कळदा वापरली होती. ती आमच्याच कुंपणाने शेजाऱ्याच्या शेतावर अक्षरशः खरी करून दाखविली होती.

त्या रात्री बोरिवलीस परत आल्यावर आम्हांस रॉबर्ट फ्रॉस्टची ‘मेंडिंग वॉल’ ही कविता आठवली. १९१४ सालच्या त्याच्या संग्रहातली ही कविता आम्ही वर्गात इतक्या वेळा शिकविली आहे की, तिच्यावरील प्रश्नांची उत्तरे आम्हांस झोपेतही देता येतील. दोन शेजारी वसंत ऋतूत दगडी बांधाच्या दोन बाजूंनी चालत जातात आणि हिवाळ्यात ढासळलेले दगड पुन्हा रचतात. बांध हवाच कशास, असे कवीस वाटते. शेजारी वडिलांकडून आलेले एक सूत्र घोकीत राहतो. या दोघांत बरोबर कोण, यावर आम्ही विद्यार्थ्यांचे दोन पक्ष पाडून वाद घालवीत असू. परंतु त्या दोघांची भेट होते ती बांध ढासळतो म्हणून आणि तो दोघांनी मिळून रचावा लागतो म्हणून, ही साधी गोष्ट आम्ही एकाही वर्गास सांगितली नाही. आमच्या वडिलांस ती कविता वाचावी लागली नव्हती. ते वर्षातून दोनदा ती करीत असत.

यावर कोणी म्हणेल की, दोष त्या यंत्राचा. आम्हांस तसे वाटत नाही. यंत्र आले नसते तर ते कुंपण आणखी दहा वर्षे वाढले असते आणि काका पाने पाहत बसले असते. वृद्धांस, एकट्या बायकांस, पाठीच्या दुखण्याने वाकता न येणाऱ्यांस असे यंत्र म्हणजे वरदानच होय. परंतु त्याने मनास एक खोटे आश्वासन मिळते, तेवढे ध्यानात ठेविले पाहिजे. केव्हाही एका तासात सारे निपटता येईल, असे कळले की थोडे थोडे रोज करण्याची निकड संपते. मग ज्या गोष्टीस दोन बोटे कापणे पुरे होते तीस दोन फूट कापावे लागतात, आणि कापताना घरटे दिसत नाही. पत्रांची उत्तरे, आजाऱ्याची विचारपूस, भावाभावांतील गैरसमज या सर्वांची गोष्ट अशीच आहे. वेळच्या वेळी लावलेल्या कात्रीची जखम होत नाही. तुंबलेल्या कामास घातलेली करवत खोडापर्यंत जाते.

याउलट कुंपणाची अहोरात्र निगा राखूनही ते व्यर्थ जाऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच देशात घडून गेले आहे. गेल्या शतकाच्या मागील शतकात इंग्रज सरकारने मिठावरील जकात चुकवून कोणी मीठ आणू नये म्हणून सिंधू नदीपासून महानदीच्या प्रदेशापर्यंत जकातीची रेषा आखली होती. १८६९ च्या सुमारास तिची लांबी दोन हजार तीनशे मैल झाली होती आणि तिच्यावर सुमारे बारा हजार माणसे पहारा करीत. खानदेशाच्या शेजारी बऱ्हाणपूरपर्यंत ती येऊन भिडली होती. या रेषेच्या फार मोठ्या भागात बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशा काटेरी झाडांचे जिवंत कुंपण उभे केले होते. ते वाढविण्याचा खटाटोप १८६७ पासून जकात खात्याचे मुख्य असलेल्या अ‍ॅलन ह्यूम यांनी केला; हेच ह्यूम पुढे १८८५ साली मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाचे एक प्रवर्तक झाले. १८७९ साली ती रेषा सोडून देण्यात आली. रॉय मॉक्सहॅम नावाच्या इंग्रज लेखकाने त्या कुंपणाचा शोध घेत हिंदुस्थानात फेऱ्या केल्या आणि २००१ साली त्यावर पुस्तक लिहिले. एवढ्या अफाट कुंपणाचे अवशेष शोधूनही त्याच्या हाती फारच थोडे लागले. छाटणी तेथेही होत होती. पण ती फट बुजविण्यासाठी होती. गोरगरिबांच्या तोंडचे मीठ अडविण्यासाठी लावलेल्या झाडांवर दोन्ही बाजूंच्या लोकांपैकी कोणाचेच प्रेम नव्हते. पहारा उठला तेव्हा ते कुंपण राखण्यास कोणीही पुढे आला नाही.

आमच्या कुंपणाचे नशीब त्यापेक्षा बरे निघाले. त्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि कोयनेलच्या उघड्या खोडांस जागोजाग धुमारे फुटले. मेंदीची दोन झाडे मात्र गेली; आम्ही माळ्याचे ऐकले असते तर ती राहिली असती. तिसऱ्या महिन्यात आम्ही मधल्या दोन दगडांवरची माती काढली. ते जागचे हलले नव्हते. तेथे आता काही उगवू द्यावयाचे नाही, असे ठरविले आहे. गंजलेली कात्री बोरिवलीस नेऊन धार लावून आणली. शेंड्याकडील आणि तारांजवळील भाग अजूनही तो माळी यंत्रानेच कापतो; आमच्या वयास शिडीवर चढणे शोभणारे नाही आणि झेपणारेही नाही. छातीपर्यंतचे काम मात्र आम्ही हाताने करतो.

गेल्या दसऱ्यानंतर आम्ही ते केले. काका पडवीतून खुर्ची पुढे ओढवून घेऊन कुंपणाजवळ बसले होते. आमची कात्री कोठे तिरकी जाते हे ते डाव्या हाताने दाखवीत होते, आणि ती बहुधा सर्वत्रच तिरकी जात होती. मावशींनी त्या बाजूचा वाफा पुन्हा केला आहे. त्यात मुळा आणि माठ आला होता. पावसाचे, मासळीच्या भावाचे आणि नगरपालिकेचे बोलणे झाले. माळ्याने मध्येच विचारले, ‘सर, देता का मला? दहा मिनिटांत होईल.’ आम्ही नको म्हणालो. काम पुरे होण्यास दोन सकाळी लागल्या.